गायीच्या आतड्यातील रोगप्रतिकारक पेशी आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर

सत्तरीचा गोठेवाला

नमस्कार. गोव्यात वाळपईच्या बाजूला माझा गोठा असून त्यात जर्सी आणि होल्स्टीन संकराच्या आठ दुभत्या गायी आहेत. अलीकडे आमच्या दूध संस्थेवर एक विक्रेता आला होता आणि त्याने गायींची प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून एक पावडर सर्वांना दाखवली. त्याच्या पत्रकावर असे छापले होते की शरीरातील 70 टक्के रोगप्रतिकारक पेशी पचनसंस्थेत असतात, म्हणून पोटातून प्रतिकारशक्ती वाढवली तर कासदाह, हगवण, लंगडणे असे सगळेच त्रास एकदम आटोक्यात येतात. पावडर स्वस्त नाही. आठ गायींना महिनाभर द्यायची म्हटले तर दुधाच्या बिलातील बरीच रक्कम तिच्यातच जाईल, म्हणून घेण्यापूर्वी विचारतो.

माझ्याकडची परिस्थिती अशी आहे. मे महिन्यात ओला चारा संपल्यावर मी बिअरच्या कारखान्यातून येणारा धान्याचा ओला चोथा सुरू केला आणि पेंढा कमी केला, कारण पेंढा घाटावरून येतो आणि त्याचा भाव परवडत नाही. जूनमध्ये दोन गायी व्याल्या. त्यांपैकी एकीचे शेण सतत पातळ राहते व तिच्या दुधाला फॅट लागत नाही. दुसरी मागचे पाय सांभाळून टाकते. त्यांच्या दोन्ही वासरांना दुसऱ्या आठवड्यात हगवण लागली. या पेशी गायीच्या पोटात नेमक्या कोठे असतात, खाद्याचा त्यांच्यावर खरोखर परिणाम होतो का, आणि त्या पावडरीने वाढवता येतात का, हे कोणी जाणकाराने समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

निवृत्त पशुवैद्य, डिचोली

पत्रकावरील 70 टक्के हा आकडा मुळात माणसांविषयीच्या लेखनात वारंवार येणारा ठोकताळा आहे. गायीच्या बाबतीतही पचनमार्ग हे प्रतिकारसंस्थेचे फार मोठे केंद्र आहे यात शंका नाही. मात्र तेवढ्यावरून त्या पेशी वाढवल्या पाहिजेत असे ठरवणे हा विक्रीकलेचा भाग झाला. त्या पेशी पोटात कशा विखुरलेल्या आहेत हे समजले की आपल्या गोठ्यातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गायीच्या पोटाचे चार कप्पे आपणांस ठाऊकच आहेत. त्यांपैकी कोटीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट या पहिल्या तिन्हींचे अस्तर आपल्या तळहाताच्या कातडीसारखे, म्हणजे पेशींच्या अनेक थरांचे आणि वरून निबर झालेले असते. शवविच्छेदनात कोटीपोट उघडून पाण्याने धुतले की आतल्या बाजूस सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या, चपट्या, तपकिरी जिभल्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या दिसतात. त्यांच्यावर आतड्यात असतो तसा बुळबुळीत थर नसतो आणि पृष्ठभागाजवळ रोगप्रतिकारक पेशीही फारशा नसतात. ज्या असतात त्या अस्तराच्या खालच्या सैल ऊतीत, रक्तवाहिन्यांच्या आसपास राहतात: काही टी पेशी (इतर पेशींना चेतवणाऱ्या किंवा आवरणाऱ्या), काही भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या), थोड्या प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून त्यांना रोखणारी प्रथिने) तयार करणाऱ्या पेशी. इकडे कोटीपोटातील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू नांदत असतात. गाय त्यांच्याशी लढत नाही, कारण तिचे निम्म्याहून अधिक पोषण त्यांच्याच मेहनतीतून येते. दिवसाला 100 लिटरहून अधिक लाळ ती गिळते. त्या लाळेतील सोडा आम्ल कमी करतो आणि तिच्यातील आयजीए नावाची प्रतिपिंडे जिवाणूंवर जाऊन चिकटतात. थोडक्यात, कोटीपोटाचे संरक्षण मुख्यतः अस्तराची जाडी आणि लाळ यांवर चालते.

चौथ्या पोटापासून पुढे चित्र पालटते. लहान आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते, कारण त्यातून अन्नरस आत घ्यायचा असतो, आणि हा थर काही दिवसांतच झडून नव्याने तयार होत राहतो. इतका पातळ पडदा असल्यामुळे त्याच्या खाली आणि त्याच्या पेशींच्या फटींतही रोगप्रतिकारक पेशींची गर्दी असते. जागोजागी त्यांचे पुंजके असतात, त्यांना पेयरचे पट्टे म्हणतात. त्या पट्ट्यांवरच्या अस्तरात एम पेशी नावाच्या खास पेशी असतात. त्या आतड्यातील जिवाणूंचे, विषाणूंचे नमुने उचलून आतल्या पेशींपुढे ठेवतात. तेथे ओळख पटली की बी पेशींपासून आयजीए बनवणाऱ्या पेशी तयार होतात आणि आतड्याच्या लांबीभर पसरतात. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात लसिका ग्रंथींची माळ असते, तेथे पुढची छाननी होते. निरोगी गायीत या सगळ्या व्यवस्थेचे रोजचे काम लढण्याचे नसून संयम राखण्याचे असते: चाऱ्यातील प्रथिने आणि नेहमीचे जिवाणू यांच्यावर उगाच उसळू नये आणि खरा शत्रू मात्र सुटू नये. प्रतिकारशक्ती वाढवा या घोषणेत नेमका हा अर्धा भाग गळून पडतो.

आता आपल्या गायींकडे वळू. बिअरच्या चोथ्यातील बहुतेक पिष्टमय भाग कारखान्यातच काढून घेतलेला असतो, त्यामुळे चोथा स्वतः मक्याच्या भरड्याइतका आम्लता करणारा नाही. अडचण अशी की तो बारीक आणि ओला असतो. तो खाताना आणि नंतर रवंथ करताना गायीला फारसे चावावे लागत नाही, लाळ कमी सुटते आणि आपण त्याच वेळी पेंढाही कमी केलात. त्यावर व्याल्यानंतर दूध वाढावे म्हणून पेंड वाढवली असणार, आणि ती बहुधा एकदम. कोटीपोटातील जिभल्या वाढीव खुराकाला सरावायला चार ते सहा आठवडे घेतात; तोपर्यंत तयार झालेले आम्ल शोषले जाण्याऐवजी साचत राहते. कोटीपोटाचा सामू (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) दिवसातून तीनपेक्षा जास्त तास 5.6 च्या खाली राहू लागला की आपण त्याला छुपी आम्लता म्हणतो. त्या आम्लात जिवाणूंचा एक मोठा वर्ग मरतो आणि त्यांच्या भिंतीतील विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, मोकळे होते. अस्तराचे सांधे सैल पडलेले असले तर ते रक्तात शिरते, यकृताकडे जाते आणि ज्या पेशींनी शांत राहायचे त्या जाग्या होतात. दुधाचे फॅट उतरणे, शेण कधी पातळ कधी घट्ट होणे आणि काही आठवड्यांनी खुरांच्या आत दाह होऊन गाय पाय सांभाळून टाकू लागणे, ही एकाच साखळीतील लक्षणे असू शकतात. दुसऱ्या गायीचे खूर मात्र प्रत्यक्ष उचलून पाहून घ्या. पावसात सडके खूर आणि तळव्याची जखम यांनीही गाय असेच चालते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी सांगतो. पातळ शेणाच्या गायीचे ताजे शेण एक मगभर घ्या, बारीक चाळणीत टाकून नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि जे उरेल ते पांढऱ्या थाळीत पसरा. अर्ध्या इंचाहून लांब काड्या पुष्कळ दिसल्या, अख्खे दाणे दिसले किंवा पांढरट, चिकट, शेवेच्या आकाराचे तुकडे दिसले तर पचन बिघडले आहे असे समजावे. ते चिकट तुकडे म्हणजे मोठ्या आतड्याने स्वतःच्या बचावासाठी टाकलेले आवरण असते. ते दिसले म्हणजे तेथील अस्तर दुखावले आहे. त्याचबरोबर दुपारी गायी बसल्या असताना पाहा: बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असाव्यात आणि एका घासाला साधारण 50 ते 70 वेळा चावत असाव्यात.

उपाय साधा आहे. पेंढा पुन्हा वाढवा आणि तो खुराकाच्या आधी घाला. चोथा दर गायीला दिवसाला 8 ते 10 किलोच्या पुढे नेऊ नका, आणल्यापासून दोन-तीन दिवसांत संपवा, बुरशी दिसली की तेवढा भाग बाजूला काढून उरलेला देण्याची काटकसर करू नका, कारण बुरशीची विषे डोळ्यांना दिसत नाहीत आणि आतड्याचे अस्तर त्यांनीही दुखावते. व्यालेल्या गायीची पेंड दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवा. खाण्याचा सोडा काही काळ देता येतो, पण तो पेंढ्याची जागा घेत नाही.

वासरांची गोष्ट वेगळी आहे. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत, म्हणून वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतात. चिकातून आलेली प्रतिपिंडे त्याच्या लहान आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शिरतात, पण हा दरवाजा पहिल्या सहा तासांनंतर मिटू लागतो आणि 24 तासांत बंद होतो. वजनाच्या 10 टक्के चीक, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, आणि त्यातील पहिला मोठा घोट शक्य तितक्या लवकर, हा नियम कोणत्याही पावडरीपेक्षा मोलाचा आहे. आपल्याकडे पहिल्या दिवसाचा चीक शेजारी वाटण्याची आणि खरवस करण्याची हौस फार. वाटायचा असेल तर वासराचे पोट भरल्यानंतर उरलेला वाटावा. चीक तापवून वासराला पाजणारेही मी पाहिले आहेत; उकळला की त्यातील प्रतिपिंडे निकामी होतात. आपल्या दोन्ही वासरांना पहिला चीक किती वाजता आणि किती मिळाला, ते कळवा.

पावडरीविषयी एवढेच सांगतो की तिच्यात काय आहे हे डब्यावर वाचावे. जिवंत यीस्ट असेल तर कोटीपोटाचा सामू स्थिर राहण्यास तिचा थोडाफार उपयोग होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. नुसते वनस्पतींचे अर्क आणि प्रतिकारशक्ती हा शब्द असेल तर ते पैसे पेंढ्याला द्यावेत.

कुळागरवाला, केपे

डॉक्टरांनी लिहिलेले वाचले. माझा एक उपप्रश्न आहे. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) संकरित गायींबरोबर श्वेत कपिला जातीच्या दोन देशी गायी आहेत. त्या काजूच्या हंगामात झाडाखाली पडलेली बोंडे खातात, पावसात डोंगरावर भिजत चरतात आणि तरीही वर्षभर त्यांना डॉक्टर लागत नाही. त्याच बोंडांनी माझी संकरित गाय मात्र एकदा अशी झिंगली की संध्याकाळपर्यंत तिला उभे राहता येईना. मग स्थानिक गायींच्या आतड्यातील या पेशी जास्त बळकट असतात, असे म्हणता येईल का? माझे मत तसेच आहे.

प्रतिकारशास्त्राची अभ्यासक, ताळगाव

केपेच्या भाऊंचे निरीक्षण खरे असावे, परंतु त्याचे श्रेय पेशींना देण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. श्वेत कपिला ही नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, गोव्याची नोंदणीकृत देशी जात असून ती दूध थोडेच देते. तिला पेंड फारशी मिळत नाही, दिवसभर ती चावत आणि रवंथ करत असते, त्यामुळे तिच्या कोटीपोटात आम्ल साचण्याचा प्रसंगच क्वचित येतो. संकरित गाय गोठ्यात पेंड खाऊन झाल्यावर बोंडांवर तुटून पडली तर बोंडांतील साखर आधीच्या पिष्टावर भर घालते. त्यातून थोडा मद्यार्क तयार होतो हे खरे, पण उभे राहता न येण्यामागे बहुधा लॅक्टिक आम्लाचा मोठा वाटा असतो. दोन्ही जातींना एकच खाद्य, एकच वय आणि एकच दूध अशी तुलना केल्याशिवाय पेशींविषयी काही ठरवता येत नाही. एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने बोंडांच्या आणि बिअरच्या चोथ्यावर पशुखाद्य म्हणून काम केलेले आहे. वाळवून, मापून दिलेला चोथा आणि झाडाखाली मोकाट खाल्लेली बोंडे यांत फार अंतर आहे.

डॉक्टरांच्या उत्तरात मला दोन गोष्टींची भर घालायची आहे आणि एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवायचा आहे.

मतभेद आधी सांगते. कोटीपोटात पेशी फारशा नसतात हे आतड्याच्या तुलनेत बरोबर आहे, पण त्यामुळे तेथील पेशी कमी महत्त्वाच्या ठरत नाहीत. एकेक पेशी सुटी करून तिच्यात कोणती जनुके चालू आहेत हे वाचण्याचे तंत्र अलीकडच्या वर्षांत दुभत्या गायींच्या पचनमार्गावर वापरले गेले. त्यात पहिल्या तीन कप्प्यांच्या अस्तरालगत आयएल-17 हा संदेश सोडणाऱ्या टी पेशी आढळल्या, आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या, नव्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशी त्या संदेशाला प्रतिसाद देतात असे दिसले. म्हणजे या टी पेशी अस्तर नूतन ठेवण्यातही भाग घेत असाव्यात. तसेच गळती कोटीपोटातूनच होते असे मानू नये. खुराक जास्त झाला की न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तेथे आंबते. तेथे ना लाळेचा सोडा पोहोचतो, ना अस्तराला अनेक थर असतात. डॉक्टरांनी सांगितलेले शेवेसारखे चिकट तुकडे त्याच जागेची साक्ष देतात, आणि माझ्या मते एंडोटॉक्सिनच्या बाबतीत आपण कोटीपोटाला जरा जास्तच दोष देतो.

भर घालायची पहिली गोष्ट म्हणजे गायीच्या टी पेशींचे वेगळेपण. टी पेशींचा एक प्रकार गॅमा-डेल्टा नावाने ओळखला जातो. माणसाच्या रक्तात त्यांचे प्रमाण साधारण 5 टक्क्यांच्या आसपास असते. लहान वासराच्या रक्तात मात्र ते लसिका पेशींच्या 60 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि वयाबरोबर उतरते. आतड्याच्या अस्तरातही त्या मोठ्या संख्येने असतात. शत्रूची आधी ओळख झालेली नसतानाही त्या लवकर हालचाल करतात आणि वेळप्रसंगी इतर पेशींना आवरतातही. वासराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयरचा एक लांबच लांब सलग पट्टाही असतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हा पट्टा बी पेशी घडवण्याचे काम करतो, जे माणसात हाडांच्या मगजात होते. याचा तपशीलवार अभ्यास मेंढ्यांत झाला आहे. जनावर वयात येऊ लागले की तो पट्टा आक्रसतो, आणि त्याच्या अलीकडचे सुटे पट्टे मात्र आयुष्यभर राहतात. म्हणून वासराचे आतडे हे प्रौढ आतड्याचे लहान रूप समजू नये.

दुसरी गोष्ट खर्चाची, आणि गोठेवाल्या भाऊंच्या पावडरीशी तिचा सरळ संबंध आहे. जागी झालेली रोगप्रतिकारक पेशी ग्लुकोजवर चालते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दुभत्या होल्स्टीन गायींना रक्तातून एंडोटॉक्सिन देऊन त्यांची रक्तशर्करा स्थिर राखण्यासाठी किती ग्लुकोज ओतावे लागते हे मोजले गेले. 12 तासांत ते 1 किलोहून अधिक भरले. एक लिटर दूध तयार व्हायला कासेला सुमारे 70 ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे 14 लिटर दुधाचे इंधन अर्ध्या दिवसात प्रतिकारसंस्थेने वापरले. गोठ्यातील गळती इतकी तीव्र नसते, पण ती दररोज चालू राहते. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत गाय खाण्यातून जितकी ऊर्जा मिळवते त्यापेक्षा अधिक ती आधीच दुधातून देत असते. त्या काळात पेशी आणखी चेतवणारे काही दिले आणि त्याचा खरोखर परिणाम झाला, तर तो दुधाच्या विरुद्ध जाईल.

उन्हाळ्याचाही यात हात आहे, हे गोव्यात विसरून चालणार नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी गायीचे रक्त कातडीकडे वळते, आतड्याला ते कमी मिळते आणि तेथील पातळ अस्तराचे सांधे ढिले पडतात. तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक 72 च्या वर गेला की दुभत्या संकरित गायीला ताण सुरू झाला असे मानतात आणि जास्त दूध देणाऱ्या गायींसाठी हल्ली 68 ची मर्यादा धरतात. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना तो सुमारे 83 होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे अशी संध्याकाळ नित्याची असते. भाऊंच्या गायी याच काळात गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. पंखा, पाणी फवारणे आणि खुराक पहाटे व रात्री देणे यांनी आतड्याचे जितके रक्षण होते तितके डब्यातल्या वस्तूने होईल असे मला वाटत नाही.

सत्तरीचा गोठेवाला

आपणां सर्वांचे आभार. डॉक्टर, आपण सांगितल्याप्रमाणे शेण धुऊन पाहिले. लांब काड्या होत्या, अर्धवट फुटलेले मक्याचे दाणे होते आणि चार-पाच पांढरे चिकट तुकडेही निघाले. पेंढा वाढवला आहे. पाय सांभाळणाऱ्या गायीच्या खुरात जखम सापडली नाही. वासरांना चीक सकाळी दूध काढण्याच्या वेळी मिळाला. एक वासरू रात्री नऊच्या सुमारास जन्मले होते आणि दुसरे पहाटे. किती प्यायली ते मोजले नव्हते.

आणखी एक शंका या निमित्ताने मनात आली. माझ्याकडे पाचव्या वेताची एक गाय आहे. ती खाते व्यवस्थित, ताप नाही, पण गेले काही महिने वाळत चालली आहे. तिचे शेण पाण्यासारखे पातळ असून औषध दिले की काही दिवस सुधारते आणि पुन्हा तेच. हल्ली तिच्या जबड्याखाली मऊ सूज आली आहे. ती पावसाळ्यात शेताच्या बांधावर चरते. हीदेखील आम्लताच म्हणायची का? वासरे तिच्या शेजारीच बांधलेली असतात.

निवृत्त पशुवैद्य, डिचोली

वासरे आजच तेथून हलवा. बाकीचे वाचणे नंतर झाले तरी चालेल.

रात्री नऊला जन्मलेल्या वासराला सकाळी चीक मिळाला, म्हणजे आतड्याचा दरवाजा बऱ्याच अंशी मिटल्यानंतर मिळाला. दुसऱ्या आठवड्यातील हगवणीचे ते एक कारण असू शकते. रात्री गाय व्याली तर रात्रीच चीक काढून बाटलीने पाजावा. रिफ्रॅक्टोमीटर नावाचे लहान उपकरण मिळते, त्यावर चीक 22 ब्रिक्स किंवा अधिक दाखवत असेल तर तो चांगला समजावा. अशा चांगल्या चिकाच्या एक-एक लिटरच्या पिशव्या गोठवून ठेवल्या तर अडचणीच्या वेळी उपयोगी पडतात. गोठवल्याने त्यातील जिवंत पांढऱ्या पेशी मरतात, प्रतिपिंडे मात्र टिकतात. वितळवताना हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात ठेवावा.

आता त्या वाळलेल्या गायीविषयी. तिची लक्षणे छुप्या आम्लतेची नाहीत. माझ्या मनात दोन शक्यता आहेत आणि त्यांतील पहिली बरी होणारी असल्यामुळे आधी तीच तपासावी. शेताच्या बांधावर, पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांत गोगलगायींमार्फत चपटे कृमी शिरतात. कोटीपोटात राहणारा चपटा कृमी मोठा झाल्यावर तेथील जाड अस्तराला चिकटून बसतो आणि फारसा त्रास देत नाही. पण त्याची पिल्ले त्याआधी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, त्या एका थराच्या अस्तरात रुतून वाढतात आणि तेव्हा दुर्गंधीयुक्त पातळ हगवण व जबड्याखालील सूज दिसते. यकृतातील चपट्या कृमीनेही तशी सूज येते. शेणाचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. आयव्हरमेक्टिन टोचले आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण चपट्या कृमींवर ते चालत नाही. त्यासाठी ऑक्सिक्लोझानाइडसारखे औषध लागते आणि त्याची मात्रा वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावी.

कृमी निघाले नाहीत, किंवा औषधानंतरही तीच अवस्था राहिली, तर जोन्स आजाराची चाचणी करून घ्यावी. 1895 मध्ये जर्मनीत प्रथम वर्णन झालेला हा आजार क्षयाच्या जंतूच्या कुळातील एका जिवाणूमुळे होतो, आणि वर चर्चा झालेल्या पेशींनाच तो आपले घर करतो. वासराच्या तोंडात शेणाचा अंश गेला की जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतो. तेथील एम पेशी त्याला नेहमीच्या नमुन्याप्रमाणे उचलून आत नेतात आणि भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर जिवाणू गिळल्यावर पचवले जातात. हा मात्र पचवण्याची प्रक्रियाच थांबवून भक्षक पेशीच्या आत वाढत राहतो. सुरुवातीची काही वर्षे टी पेशी त्याला आवर घालून ठेवतात आणि गाय धडधाकट दिसते. पुढे, बहुधा एखाद्या वेतानंतर, तो आवर सुटतो. शरीर प्रतिपिंडे बनवू लागते, पण पेशींच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत ती पोहोचत नाहीत. भक्षक पेशींची गर्दी होऊन आतड्याची भिंत जाड आणि वळकट्या पडलेली होते, अन्नरस शोषला जात नाही, रक्तातील प्रथिने आतड्यात झिरपतात आणि म्हणून खाणे चांगले असूनही गाय वाळते व जबड्याखाली सूज येते. दोन ते पाच वर्षांनी लक्षणे दिसत असली तरी लागण सहसा वासरू सहा महिन्यांच्या आत असतानाच झालेली असते. त्यावर खात्रीचा उपचार नाही.

चाचणी रक्ताची किंवा शेणाची करतात. लक्षणे दिसणाऱ्या गायीत ती बऱ्यापैकी भरवशाची असते, पण नुकतीच लागण झालेल्या जनावरात ती नकारात्मक येऊ शकते, म्हणून एका निकालावर सगळा गोठा निर्दोष ठरवू नये. निकाल येईपर्यंत त्या गायीचे शेण वासरांच्या जागेपासून, त्यांच्या पाण्याच्या भांड्यांपासून आणि ओल्या चाऱ्याच्या तुकड्यापासून दूर टाका, त्या गोठ्यातील फावडे आणि बूट वासरांकडे नेऊ नका. हा जिवाणू चिकातून आणि दुधातूनही जातो, त्यामुळे तिचा चीक गोठवून ठेवलेला असेल तर तो वापरू नका. तिच्या आधीच्या वेतांतील कालवडी आपल्याकडेच असतील तर त्यांचीही नोंद डॉक्टरांना द्या.

सत्तरीचा गोठेवाला

वासरे पडवीत हलवली आहेत. तिच्या तिसऱ्या वेताची कालवड माझ्याकडेच असून ती गाभण आहे. शेणाचा नमुना उद्या सकाळी वाळपईला देतो आणि त्याच फेरीत कालवडीविषयीही विचारतो. पावडर घेतलेली नाही.